टॉर्शन बार पिळून पिकअपचं नाक वर काढायचंय: किती फेरे, आणि कुठे थांबायचं?

चिखलवाट (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, गाडी जुनी फोर बाय फोर पिकअप. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे. दोन महिन्यांपूर्वी पुढे लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) चढवला, दोन्ही मिळून ८० किलोच्या घरात. तेव्हापासून गाडी नाक खाली घालून उभी असते, काहीतरी सांडलंय आणि ते शोधतेय अशी.

मॅन्युअलमध्ये पुढची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत ४८० मिमी दिली आहे. माझी डावीकडे ४६२ आणि उजवीकडे ४५९ भरते. बारच्या मागच्या टोकाला अँकर आर्म आहे, त्याला उभा लांब बोल्ट आणि चेक नट. तो आवळला की नाक वर येतं एवढं ठाऊक आहे. ५० मिमी वर घ्यायचा विचार आहे, म्हणजे जरा मोठे टायरही बसतील. उद्या सुट्टी आहे. कोणी केलंय का?

रिंगपाना · शनिवार, रात्री १०:०५

त्यात विचारायचं काय? दोन्हीकडे दहा-दहा फेरे मारा आणि विषय संपवा. वर बार आवळला गेला की स्प्रिंग कडक होते, गाडीचं डुलणंही कमी होतं. एका दगडात दोन पक्षी.

धूळधाण · शनिवार, रात्री १०:२०

वाचतोय. माझीही नाकाने खाली आहे. (गाडी.)

पीळमोजे · रविवार, सकाळी ११:३०

रिंगपाना, रागावू नका, पण तुमचा दुसरा पक्षी मेलेला नाही. तो कधी मरतच नाही. टॉर्शन बारबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज हाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

टॉर्शन बार म्हणजे सरळ केलेली स्प्रिंग. पुढचं टोक आर्ममध्ये (काही गाड्यांत खालच्या, काहींत वरच्या), मागचं टोक चेसिसला अडकवलेल्या अँकर आर्ममध्ये. चाक वर गेलं की बारला पीळ बसतो आणि तो पीळ चाकाला खाली ढकलतो. बार किती कडक हे तीनच गोष्टींवर ठरतं: पोलाद, लांबी आणि व्यास. त्यातही व्यासाचा चौथा घात लागतो. २६ मिमीच्या जागी तेवढ्याच लांबीचा २८ मिमीचा बार घातलात तर कडकपणा जवळजवळ ३४ टक्क्यांनी वाढतो. बोल्ट फिरवून व्यास वाढत नाही, त्यामुळे कडकपणाही वाढत नाही.

हिशेब करून बघू. बार २६ मिमी, लांबी १.२ मीटर, आर्मच्या खिळ्यापासून चाकापर्यंतचं अंतर ३५० मिमी धरा. असा बार एक अंश पिळायला साधारण ५२ न्यूटन-मीटर लागतात. चाकावर गाडीचं ४०० किलो वजन असेल तर बार सुमारे २६ अंश पिळलेला असतो. आता तुम्ही बोल्ट आवळलात, अँकर चार अंश फिरला. चाकावरचं वजन वाढलं का? नाही, तेच ४०० किलो. मग गाडी जमिनीवर टेकल्यावर बारमधला पीळही तेच २६ अंश. मागचं टोक चार अंश फिरलं, पाठोपाठ पुढचंही फिरलं, आणि आर्म खाली जाऊन गाडी २५ मिमी वर आली. बस्स. पीळ तोच, फक्त तो जिथून मोजायचा ती जागा सरकली.

(आर्म उतरता झाला की भूमितीमुळे चाकापाशी कडकपणा किंचित बदलतो हे मान्य. तो फरक ढुंगणाला कळत नाही.)

रिंगपाना · रविवार, दुपारी १२:१०

हिशेब छान आहे, पण हात खोटं बोलत नाहीत. मी स्वतः आवळलेत. पहिले दोन फेरे हलके जातात, पुढे पाना सरकता सरकत नाही. बार कडक होत नसेल तर पाना कशामुळे जड होतो? आणि माझी गाडी त्यानंतर चांगलीच कडक चालते, ती कशामुळे?

पीळमोजे · रविवार, दुपारी १:००

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर तुमच्या पहिल्याच वाक्यात दडलंय. तुम्ही आवळत होता तेव्हा गाडी जॅकवर होती ना? चाक लोंबकळत होतं, आर्म खालच्या थांब्यावर टेकला होता. पुढचं टोक तिथे अडकलेलं आणि तुम्ही मागचं टोक पिळताय, मग पाना जड होणारच. म्हणजे चाक पूर्ण खाली लोंबत असतानाचा पीळ वाढला. गाडी जमिनीवर आल्यावरचा नाही.

आता तुमची गाडी कडक का चालते. चाकाला वर जायला जागा लागते तशी खाली जायलाही लागते. खड्डा आला की चाकाने खाली उतरायचं असतं आणि गाडीने जागच्या जागी राहायचं असतं. एकूण चाल ठरलेली आहे. समजा १५० मिमी, त्यात वर ८५, खाली ६५. तुम्ही नाक ५० मिमी वर घेतलंत की वर १३५ झाले आणि खाली उरले १५. आता प्रत्येक खड्ड्याला आर्म खालच्या रबरावर आपटणार किंवा शॉकअप पूर्ण ताणून ठणकन थांबणार. आपण त्यालाच "स्प्रिंग कडक झाली" म्हणतो. खरं तर चाकाची दोरीच आखूड झालेली असते.

चिखलवाट, तुमच्यासाठी एवढंच: ४८० पर्यंत परत आणणं ही दुरुस्ती. ८० किलो ॲक्सलच्या पुढे टांगल्यावर पुढच्या ॲक्सलवर ९५-१०० किलो पडतात, चाकामागे ५० किलो. वरच्या हिशेबात दर मिलिमीटरला अडीच किलो लागतात, म्हणजे बसकण २० मिमी. तुमचे आकडे अगदी तेच सांगताहेत. बार थकलेला नाही. ४८० च्या वरचा प्रत्येक मिलिमीटर मात्र खालच्या चालीतून उसना घेतलेला असेल.

चिखलवाट · रविवार, संध्याकाळी ६:१५

पीळमोजे, तुमचा प्रतिसाद वाचायला आत्ता वेळ मिळाला. सकाळी आठलाच गाडीखाली शिरलो होतो.

दोन्हीकडे दहा फेरे मारले. जॅकवरून उतरवून टेप लावला तर दोन्हीकडे ५२८! उडालोच. मग एक फेरफटका मारून आलो आणि परत मोजलं: डावीकडे ५१६, उजवीकडे ५१०. एवढं कुठे गेलं?

आणि हो, गाडी दिसायला झकास. चालवायला बैलगाडी. गतिरोधकावरून उतरताना पुढून "ठक्क" असा आवाज येतो, स्टिअरिंग सोडलं की गाडी एका बाजूला ओढते.

निवांतफिटर · रविवार, संध्याकाळी ७:३०

उंची कुठेच गेली नाही, ती नव्हतीच. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं खाली आणि आतल्या बाजूला येतात. खाली उतरवलीत तर टायर जमिनीला धरून राहतात, बाहेर सरकायला मागत नाहीत, आणि नाक खोटंच उंच राहतं. म्हणून उतरवल्यावर गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलायची, बंपरवर दोन-तीनदा दाबायचं आणि मगच टेप लावायचा. दर वेळी, न चुकता.

मोजताना आणखी काही. जमीन सपाट हवी, टायरमधली हवा सारखी हवी, टाकीत इंधन रोज असतं तेवढं, हौदा रोज असतो तसा. तुम्ही चाकाच्या मध्यापासून मोजलंत ते उत्तम केलंत. जमिनीपासून मोजणारे टायरची हवा मोजून येतात. मडगार्ड कधी ठोकून सरळ केलेलं असेल तर तेही दगा देतं, म्हणून काही कंपन्या खालच्या आर्मचा चेसिसकडचा बोल्ट आणि बॉल जॉइंट यांच्या उंचीतला फरक मोजायला सांगतात. खरं माप ते.

आता मला सांगा: जॅकवर चाक पूर्ण लोंबत असताना मध्य ते मडगार्ड किती भरत होतं? मोजलं होतं का?

चिखलवाट · रविवार, रात्री ८:०५

मोजून आलो. दोन्हीकडे ५४५.

निवांतफिटर · रविवार, रात्री ८:२०

मग गणित तुमच्या हातात आहे. डावीकडे ५४५ वजा ५१६, खाली जायला २९ मिमी. उजवीकडे ३५. कंपनीने ६५ दिले होते. ती "ठक्क" म्हणजे आर्म थांब्यावर आपटतोय. तीस मिलिमीटरचा खड्डा म्हणजे काही खड्डा नव्हे, साधा रस्ता झाला.

धूळधाण · रविवार, रात्री ८:४०

मग लांब शॉकअप टाकले तर?

निवांतफिटर · रविवार, रात्री ९:००

कोण आधी थांबतंय ते बघावं लागेल. आर्म रबरावर टेकायच्या आत शॉकअप पूर्ण ताणला जात असेल तर लांब शॉकअपने फायदा होईल. आर्मच आधी टेकत असेल तर शॉकअप गजभर लांब घेतलात तरी चाक एक मिलिमीटर जास्त खाली जाणार नाही. बघायची रीत सोपी: चाक लोंबत असताना वरच्या आर्मचा रबर थांबा दाबला गेलाय का ते बॅटरी मारून बघा.

आणि त्याच वेळी ड्राइव्ह शाफ्टकडेही बघा. फोर बाय फोरमध्ये पुढचं डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) चेसिसला बांधलेलं असतं, ते वर जातं आणि चाक खाली राहतं. मधला सीव्ही जॉइंट (वाकूनही फिरणारा सांधा) वाकडा होऊन फिरत राहतो. रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि माती आत. काहीजण स्पेसर टाकून डिफरन्शियल थोडं खाली घेतात. त्याने कोन कमी होतो, पण जमिनीपासूनची मोकळीक तिथे तेवढीच जाते. ज्यासाठी केला अट्टहास तेच परत देऊन यायचं.

अर्धाफेरा · रविवार, रात्री १०:१५

बाजारात मिळणाऱ्या "लेव्हलिंग की" घातल्या तर राइड मऊ राहते असं ऐकलंय. खरं आहे का? की बोल्टनेच करावं? (इथे "की" लिहिलं की कोणती की ते कळत नाही.)

पीळमोजे · रविवार, रात्री १०:४०

:) आपण अँकर आर्म म्हणू, भांडण मिटेल.

नाही, खरं नाही. त्या अँकर आर्ममध्ये बार बसायचं भोक काही अंश फिरवून पाडलेलं असतं, बाकी काही नाही. बोल्टने चार अंश फिरवा नाहीतर अँकरच्या भोकाने, बारला ते कळत नाही. उंची तीच असेल तर राइडही तीच. फायदा एकच: बोल्टचे आटे संपत आले असतील तर पुन्हा मधोमध येतात. लोक नवीन अँकर घालताना गाडी बोल्टने केली होती तेवढी उंच करत नाहीत आणि मग म्हणतात राइड सुधारली. उंची कमी, म्हणून सुधारली.

जिथे बारच्या टोकाला दातेरी खाचा, म्हणजे स्प्लाइन असतात तिथे नवीन अँकरही नको, बार काढून एक दात सरकवून परत बसवता येतो. षटकोनी टोकाच्या बारला ती सोय नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये मागच्या बारला आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४ दात होते. आतून एक दात पुढे म्हणजे ९ अंश, बाहेरून एक दात मागे म्हणजे ८ अंश १० कला. दोन्ही केले की निव्वळ फरक ५० कलांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी. बोल्ट नसताना इतकं बारीक समायोजन. ज्याला सुचलं त्याला नमस्कार.

जुनागियर · सोमवार, सकाळी ७:१०

अर्धाफेरा, अँकर बदलायच्या गोष्टी हलक्यात घेऊ नका. मी एकदाच घेतल्या. बोल्ट गंजलेला होता, चाक लोंबतंय म्हणजे बार मोकळा असेल असं धरून चाललो आणि बोल्ट पूर्ण काढायला गेलो. शेवटच्या तीन-चार आट्यांवर ते आटेच सोलले गेले. अँकर आर्म एवढ्या जोरात फिरला की पाना हातातून उडून चेसिसवर आदळला. माझं डोकं त्या जागेपासून वीतभर बाजूला होतं, तेही पाणी प्यायला वळलो होतो म्हणून.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, हे त्यातलंच. चाक लोंबत असलं तरी काही गाड्यांत बारमध्ये भरपूर पीळ शिल्लक असतो. अशा गाड्यांसाठी अँकर आर्म धरून ठेवणारं सी आकाराचं वेगळं हत्यार येतं. आधी ते लावून अँकर उचलायचा, मग बोल्टला हात लावायचा. हत्यार नसेल तर अँकर बदलूच नये. नुसता बोल्ट फिरवून उंची बदलायला ते लागत नाही, पण डोकं बोल्टच्या सरळ रेषेत कधीच ठेवू नका.

आणि गाडी जॅक स्टँडवर. जॅकवर नाही.

निवांतफिटर · सोमवार, सकाळी ९:२५

जुनागियर यांना अनुमोदन. भर घालतो: बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा, ग्रीस लावा. गाडीचं वजन चाकांवर असताना बोल्ट आवळू नका. पूर्ण नाक उचलायचं काम तुम्ही त्या बिचाऱ्या आट्यांकडून करून घेता.

बारला पकड, छिन्नी, हातोडा काही लावायचं नाही. वर ओरखडा पडला की पीळ खाऊन खाऊन तिथूनच तडा जातो. रंग उडाला असेल तर रंग लावा. आणि बार काढलेच तर डावा-उजवा अदलाबदल करू नका. कारखान्यात ते एका दिशेने जास्त पिळून तयार केलेले असतात, उलट बाजूला लावले की उलटा पीळ बसतो आणि आयुष्य घटतं. टोकावर खूण असते, ती बघा.

चाकसरळ · सोमवार, सकाळी ११:५०

चिखलवाट दादा, अलाइनमेंटचं काम मी रोज करते, म्हणून तुमच्या "एका बाजूला ओढते"बद्दल बोलते. आज गाडी आणलीत तर मी परत पाठवीन. आधी उंची ठरवा. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) तिन्ही हलतात. उंचीत पाच मिमीचा बदल केलात तरी मी केलेलं काम वाया.

सगळ्यात जास्त टायर खातो तो टो. आर्म एका वर्तुळात फिरतो, टाय रॉड दुसऱ्या वर्तुळात, म्हणून उंची बदलली की चाकं आत किंवा बाहेर वळतात. कुठल्या दिशेने, ते स्टिअरिंगचे दांडे ॲक्सलच्या पुढे आहेत की मागे आणि किती तिरके आहेत यावर अवलंबून. टायरच्या नक्षीवरून हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. दोन-अडीच आठवडे असेच फिरलात तर ते डोळ्यांनाही दिसेल.

अजून एक गोष्ट सगळे विसरतात. हेडलाइट. तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराच्या) गाडीचं नाक ५० मिमी वर गेलं की गाडी जवळजवळ एक अंश मागे झुकते. २५ मीटरवर झोत ४० सेंमी वर जातो, म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यात.

चिखलवाट · सोमवार, दुपारी २:३०

ताई, धन्यवाद. काल रात्री समोरून येणारे सगळे मला डिपर का देत होते ते आत्ता कळलं. मला वाटलं बंपर आवडला.

एक शंका राहिली. दोन्हीकडे मोजून दहा फेरे मारूनही ६ मिमीचा फरक कसा?

पीळमोजे · सोमवार, दुपारी ३:१५

फेरे मोजणं हा अंदाज, टेप हे माप. तुमच्याकडे आधीच ३ मिमीचा फरक होता, आणि एका फेऱ्याला डावीकडे ५.४ तर उजवीकडे ५.१ मिमी पडले. आट्यांचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.५ मिमी आणि अँकर आर्म १०० मिमी धरलात तर हिशेबाने ५.२ येतात, म्हणजे दोन्ही बाजू शहाण्यासारख्याच वागताहेत. गाडीचं वजन दोन्हीकडे सारखं नसतं, बारही जुळे भाऊ असले तरी तंतोतंत नसतात.

पण एका बाजूला हात लावायच्या आधी मागचे पाटे तपासा. मागे एक पाटा बसलेला असेल तर तो गाडी तिरकी करतो आणि आपण पुढे बोल्ट पिळत बसतो. मागचा भाग डिफरन्शियलच्या मधोमध जॅक लावून थोडा उचला. आता पुढच्या दोन बाजू सारख्या झाल्या तर दुखणं मागे आहे.

चिखलवाट · बुधवार, रात्री ९:५५

आजचं काम सांगतो.

मागे जॅक लावून बघितलं, पुढचा फरक तसाच राहिला, म्हणजे पाटे निर्दोष. वरच्या आर्मचा रबर थांबा चाक लोंबताना पूर्ण दबलेला, म्हणून लांब शॉकअपचा विचार रद्द. स्टँडवर घेऊन डावा बोल्ट साडेचार फेरे सैल केला, उजवा पावणेचार. उतरवली, पुढे-मागे ढकलली, बंपरवर बसून दोन उड्या मारल्या. टेप: डावीकडे ४९२, उजवीकडे ४९१.

म्हणजे खाली जायला ५३ आणि ५४ मिमी. कंपनीपेक्षा नाक १२ मिमी वर आहे, तेवढा मोह आवरला नाही. "ठक्क" गेलं. त्याच गतिरोधकावरून तीनदा गेलो, लोक बघत होते. उजव्या सीव्ही बूटची एक घडी घासून चकाकायला लागली होती, तिच्यावर खडूची खूण केली आहे, आठवड्याने बघेन. उद्या सकाळी अलाइनमेंट आणि हेडलाइट. मोठ्या टायरचं तूर्तास राहू दे.

रिंगपाना · बुधवार, रात्री १०:२०

पीळमोजे, आज माझीही मोजली. लोंबताना ५३०, जमिनीवर ५१८.

बारा मिलिमीटर. तीन वर्षं अशीच फिरवतोय. रविवारी स्टँड लावतो. चेक नट गंजून एकजीव झालाय, त्याला आधी तेल पाजतो.

निवांतफिटर · बुधवार, रात्री १०:३०

आजच पाजा, आणि रविवारपर्यंत रोज पाजा.